साडेबाराची झाडलोट

आमच्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर रोज दुपारी साडेबाराच्या सुमारास सगळं थांबायचं. जेवणाची सुट्टी नसायची. काट्यावर भरलेली बैलगाडी उभी, केबिनच्या खिडकीत काटा क्लार्क बसलेला, त्याचं बोट बटणावर, आणि समोरच्या पडद्यावर एक छोटं चक्र गोल गोल फिरतंय. सकाळी गाडीवानाची तंबाखू मळून होईपर्यंत पावती त्याच्या हातात पडायची. दुपारी तंबाखू मळून, खाऊन, थुंकून झाली तरी पावतीचा पत्ता नसायचा. मागे रांग वाढत वाढत फाटकाबाहेर जायची आणि रस्त्यावरच्या चहाच्या टपरीला आपला धंदा चांगला चाललाय असं वाटायचं.

'आमच्या कारखान्याच्या' असं मी सवयीने लिहिलं. कारखाना सभासदांचा आहे, निदान तसं कमानीवर लिहिलेलं आहे. मी तिथे वर्षाच्या कराराने कॉम्प्युटर सांभाळतो. राहायला भिंगारला, रोज मोटारसायकलने जाऊन येऊन. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण मी कुठून येतो असं विचारलं तर तोंडातून नगरच निघतं, आणि ऐकणाऱ्याला ते खटकत नाही. माझ्या खोलीवर 'संगणक विभाग' अशी पितळी पाटी आहे. विभाग म्हणजे मी, एक सर्व्हर आणि सर्व्हरसाठी घेतलेला एसी. जेवण झाल्यावर शेतकी विभागाची माणसं त्या एसीसमोर येऊन बसतात आणि संगणकाचं काम फार वाढलंय असं बाहेरच्यांना वाटतं.

काटा क्लार्कला सगळे भाऊसाहेब म्हणायचे. आमच्याकडे ज्याच्या खिशाला पेन आहे त्याला भाऊसाहेब म्हणतात, पण यांनी ते फार मनावर घेतलं होतं. रोज इस्त्रीचा सफारी. उसाच्या गाड्यांच्या रांगेकडे ते असे बघायचे जणू ती मानवंदना द्यायला उभी आहे. आणि प्रत्येक पावतीआधी त्यांचा एक विधी असायचा. चष्मा काढायचा, खिशातल्या पिवळ्या फडक्याने पुसायचा, उजेडाकडे धरून बघायचा, पुन्हा डोळ्यांवर चढवायचा, आणि मग विचारायचं, "हं, कोड?"

कोड म्हणजे ऊस कुणाच्या शेतातला, ऊस तोडणारी टोळी कुठली, गाडी कुठली, याचे आकडे. ते घातले की यंत्र आपल्या साठ्यातून नावं शोधून काढतं, काट्यावरचं वजन त्यांच्यापुढे लिहितं आणि पावती छापतं. दुपारी यंत्र नावं शोधत बसायचं आणि बैल जू घेऊन उभे राहायचे. रांगेतल्या भरल्या गाडीचे बैल सोडता येत नाहीत. पुढची गाडी सरकली की मागच्याला हलावंच लागतं, नाहीतर मध्ये ट्रॅक्टरवाला घुसतो.

पाथर्डीकडच्या एका टोळीतली बाई या रांगेत रोज असायची. नवरा गाडीच्या पुढे, बैलांच्या कासऱ्याला धरून, गप्प. बोलण्याचं खातं तिच्याकडे होतं.

"ओ भाऊसाहेब, भिंग पुसून झालं आसंल तर आमच्याकडं बी बघा. बैलांच्या माना हायेत, लोखंड न्हाई."

"मशीन थांबलंय, बाई."

"मशीन थांबलंय का मशीनवाला थांबलाय?"

रांग हसायची. भाऊसाहेब खिडकीची काच ओढून घ्यायचे. ती काच पूर्ण लागत नसे, त्यामुळे पुढचंही सगळं त्यांना ऐकू जायचं.

तक्रार चेअरमनसाहेबांपर्यंत गेली ती 'काट्यावरचा माणूस चष्मा पुसत बसतो' या शब्दांत. ती सगळ्यांना लगेच पटली, कारण ती खरी होती. ते चष्मा पुसायचेच. पण चष्मा ते सकाळीही पुसायचे आणि सकाळी रांग नसायची, एवढा विचार करायला कुणाला सवड नव्हती. ठरलं असं की पुढच्या संचालक मंडळाच्या बैठकीपर्यंत दुपारची रांग हलली नाही, तर भाऊसाहेबांची बदली पाथर्डीच्या पलीकडच्या गट कार्यालयात. ते कार्यालय म्हणजे पत्र्याची एक खोली. एसटी तिथे दिवसातून एकदा जाते, आणि गेली की परत येईलच असं कंडक्टरही सांगत नाही. काट्याच्या खुर्चीबरोबर कॉलनीतली खोली मिळते, ती गेली असती. त्यांची बायको इथल्या गावात अंगणवाडी चालवते. तिला कारखान्याचा ठराव लागू होत नाही. म्हणजे एक संसार दोन तालुक्यांत.

भाऊसाहेब माझ्या खोलीत आले आणि एसीसमोरच्या खुर्चीत बसले. मग म्हणाले, "तुम्ही तोंडावर सांगणारे आहात म्हणून विचारतो. मी हळू आहे का?"

"आहात."

"किती?"

"चष्म्याइतके."

त्यांनी ते मान्य केलं. "मग राहिलेलं कोण हळू आहे?"

कारखान्यात इतका सरळ प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला होता.

"तेवढं शोधा," ते म्हणाले. "मला चहासुद्धा करता येत नाही. तिकडं खायचे हाल होतील. घरी म्हणते, तुम्ही तिकडं वाळून जाल आणि लोक म्हणतील मी वाळवलं."

जाता जाता त्यांनी चष्मा काढला, फडक्याकडे हात नेला आणि काही आठवल्यासारखा मागे घेतला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चष्मा पुसणं सोडलं. त्याने वेग वाढला नाही. फक्त भुशाच्या धुरळ्यातून आकडे नीट दिसेनात आणि एकाचा ऊस दुसऱ्याच्या नावावर गेला. तो दुसरा शेतकरी तक्रार करायला आला नाही. पहिला आला, आणि आल्यावर त्याला खुर्चीत बसवायला तिघे लागले.

मी दुपारी सर्व्हरपुढे बसून राहिलो. साडेबारापर्यंत सगळं ठीक. मग एक काम आपोआप सुरू व्हायचं: झाडलोट. मोठ्या साठ्यात रोजच्या दुरुस्त्यांमुळे जुन्या, मेलेल्या नोंदी साचतात. त्या काढून जागा मोकळी करायला यंत्राला सगळा साठा पहिल्या कोपऱ्यापासून शेवटच्या कोपऱ्यापर्यंत बघावा लागतो. ते पडद्याआड चालतं आणि ते व्हायलाच हवं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. गडबड होती ती बसण्याच्या व्यवस्थेत.

यंत्राकडे दोन जागा असतात. एक गोदाम, जिथे सगळ्या हंगामांच्या सगळ्या पावत्या असतात. मोठं आणि संथ. दुसरी हाताजवळची छोटी जागा, जिथे सतत लागणारी माहिती काढून ठेवलेली असते. तिला कॅश म्हणतात. चालू हंगामातल्या टोळ्या, गाड्या, शेतकरी, सगळे या हाताजवळच्या जागेत बसलेले असतात, म्हणून सकाळी पावती झटकन निघते. आता या जागेचा आमच्या यंत्रातला नियम असा होता की जो सगळ्यांत शेवटी आला तो सगळ्यांत महत्त्वाचा, त्याला पुढची खुर्ची द्या. आणि खुर्च्या संपल्या की जो बराच वेळ शांत बसलाय त्याला उठवा. हा नियम बनवणाऱ्याने आमच्याकडचे सत्कार समारंभ पाहिले असावेत. झाडलोट सुरू झाली की मागच्या हंगामांच्या हजारो जुन्या पावत्या एकामागून एक आत यायच्या. त्यांना कुणी विचारणार नव्हतं, त्या एकदा झटकून परत जायच्या होत्या. पण आत आल्या की पुढच्या खुर्चीवर. आणि पाथर्डीची टोळी, तिची गाडी, बैलांसकट, उठून गोदामात. मग भाऊसाहेबांनी कोड घातला की यंत्र गोदामात जाऊन ते नाव शोधून आणायचं, बसवायचं, आणि तेवढ्यात आणखी पाच जुन्या पावत्या येऊन त्याला पुन्हा उठवायच्या. झाडलोट अर्ध्या-पाऊण तासात संपायची, पण सगळे आपापल्या जागी परत बसेपर्यंत चहाची वेळ व्हायची.

आता असली झाडलोट कुणी भर दुपारी, फाटकावर गर्दी असताना करत नाही. ती पहाटे करतात. वेळ कुणी लावली असेल याचा विचार करताना मला उद्घाटन आठवलं.

ही संगणक प्रणाली काही हंगामांपूर्वी आली. ती आल्यावर महिनाभर निमूट काम करत होती आणि त्यानंतर तिचं उद्घाटन झालं. मांडव, पुरोहित, दुपारी साडेबाराचा मुहूर्त आणि एक फार मोठे पाहुणे. अडचण एवढीच होती की डेटाबेसला फीत बांधता येत नाही. पाहुण्यांना दाबायला काहीतरी हवं आणि दाबल्यावर काहीतरी हलायला हवं. पुण्याच्या कंपनीच्या इंजिनिअरने बरंच शोधलं. सगळ्या प्रणालीत हलणारी एकच गोष्ट होती, झाडलोटीची हिरवी पट्टी; ती डावीकडून उजवीकडे भरत जाते. तिला 'डेटा शुद्धीकरण' असं भारदस्त नाव दिलं, मोठा टीव्ही लावला, आणि मुहूर्ताला पाहुण्यांच्या हातात माऊस दिला. मी तेव्हा मांडवामागे इन्व्हर्टरजवळ उभा होतो. लाईट गेली तर मी जबाबदार, एवढंच मला सांगितलं होतं.

पाहुण्यांनी बटण दाबल्यावर यंत्राने एक प्रश्न विचारला असणार. एकदाच करू, की रोज याच वेळी? तो फोटो कारखान्याच्या दर्शनी दालनात मोठा करून लावलाय, हार घालून. मी जवळ जाऊन पाहिला. टीव्हीवर प्रश्नाची चौकट स्वच्छ दिसते. पाहुण्यांचं तोंड कॅमेऱ्याकडे आहे. बोट माऊसवर आहे. सगळे टाळ्या वाजवतायत. आणि त्या मुहूर्तापासून झाडलोट रोज त्याच वेळी न चुकता होत होती. सुरुवातीला जुन्या पावत्या थोड्या होत्या, म्हणून जाणवलं नाही. हंगाम साचत गेले तशी रांग वाढली.

मी चेअरमनसाहेबांकडे गेलो. बदलायचं फार थोडं होतं: साडेबाराऐवजी पहाट. कारखान्याचे एमडीसाहेब बाजूला बसले होते. चेअरमनसाहेब मुळात वाईट माणूस नाही. त्यांच्याशी एकट्याने बोललं तर ते समजून घेतात. दुर्दैवाने ते कधी एकटे नसतात.

"ते बटण कुणी दाबलंय, माहिती आहे ना?"

"आहे, साहेब."

"त्यांनी चालू केलेलं तुम्ही बंद करणार."

"बंद नाही, साहेब. फक्त वेळ बदलायची."

"मुहूर्ताची?"

एमडीसाहेब म्हणाले, "शिवाय पाहुणे असतात त्या वेळेला. त्यांना काय पहाटे उठवून आणायचं?"

हे मात्र बरोबर होतं. हिवरे बाजारला राज्यभरातून लोक पाण्याचं काम बघायला येतात. तिथे खरोखर काम झालेलं आहे. परतीच्या वाटेवर त्यांच्यातल्या काही बसगाड्या आमच्याकडे वळवून घेतात, कारण आमच्याकडे जेवण आहे. जेवणाआधी त्यांना दर्शनी दालनात टीव्हीसमोर उभं करून हिरवी पट्टी दाखवतात. एमडीसाहेब सांगतात, "हे सध्या प्रत्यक्ष चालू आहे." लोक पट्टीकडे बघतात, घड्याळाकडे बघतात, पट्टी संपते, टाळ्या होतात, पानं वाढलेली असतात.

"रांग हलली पाहिजे," चेअरमनसाहेब म्हणाले, "आणि पट्टीही हलली पाहिजे. वेळ तीच. कसं ते तुम्ही बघा, त्यासाठी तुम्ही आहात. नाहीतर काट्यावरचा माणूस बदलणं सोपं आहे."

संध्याकाळी घरी मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुला ओटा आठवत नाही का?" ओटा मला चांगलाच आठवत होता. दसऱ्याआधी आमच्या घरी माळा उतरवतात. एका वर्षी तिने सगळी भांडी एकदम खाली घेतली, पितळेचे डबे, तांब्याची घंगाळी, लग्नात आलेली आणि त्यानंतर कुणी न पाहिलेली ताटं. सगळं ओट्यावर. चहासाखरेचे डबे आणि पातेलं गॅलरीत गेले आणि मला दिवसभर चहासाठी मोहीम काढावी लागली. पुढच्या वर्षीपासून ती ओट्याच्या कोपऱ्यात एक परात ठेवते. परातीत मावतील तेवढीच भांडी खाली घ्यायची, घासायची, वर ठेवायची, मग पुढची. बाकीच्या ओट्याला हात लावायचा नाही. साफसफाई लांबते, पण चहा मिळतो.

यंत्रालाही अशी परात देता येते. झाडलोटीसाठी हाताजवळच्या जागेचा एक कोपरा नेमून द्यायचा आणि सांगायचं, तुझे पाहुणे एवढ्यातच फिरव, बाकीच्या खुर्च्यांना हात लावू नको. मी दुसऱ्या दिवशी सकाळी तसं केलं. परात जरा जास्तच लहान घेतली. साडेबाराला काट्याच्या केबिनमध्ये जाऊन भाऊसाहेबांच्या मागे उभा राहिलो.

"पुसा चष्मा," मी म्हणालो. "काही दिसत नसेल तुम्हाला."

"आज नको," ते म्हणाले. कपाळावर घाम होता.

पाथर्डीची गाडी काट्यावर चढली. बाईने पदर खोचून सुरुवात केली, "ओ भाऊसाहेब, आज तरी त्या डबड्याला उठवा, न्हाईतर बैलं..." आणि पावती बाहेर आली. ती हातात घेऊन तिने उलटसुलट करून पाहिली.

"झालं बी?"

"झालं."

"मंग आता मी काय बोलू?" ती नवऱ्याला म्हणाली. नवरा बैलांना घेऊन पुढे निघाला. त्या दिवशी त्याच्या तोंडावर मला हसू दिसलं, पण ते उन्हामुळेही असेल.

रांग फाटकाच्या आत आली. भाऊसाहेबांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. एमडीसाहेब. पट्टी हलत नव्हती. एक अख्खी बस टीव्हीसमोर उभी होती. पट्टी डाव्या टोकाला चिकटून बसली होती आणि स्वयंपाकघरातून भजी गार होत असल्याचे निरोप येत होते.

"काय सांगितलंत त्यांना?" मी विचारलं.

"सांगितलं, सध्या खोलवर शुद्धीकरण चालू आहे."

"मग?"

"मग एकाने विचारलं, किती खोल."

मी परत खोलीत गेलो आणि परात मोठी केली. खूप मोठी केली असती तर रांग पुन्हा रस्त्यावर गेली असती, म्हणून थोडी थोडी वाढवत, फोनवर भाऊसाहेबांना विचारत. "पावती?" "निघाली." आणखी थोडी. "आता?" "निघाली, पण खाकरून निघाली." तेवढ्यावर थांबलो, जरा मागे घेतलं. पट्टी हलू लागली. फरक एवढाच झाला की पूर्वी जेवणाआधी भरणारी पट्टी आता दिवस मावळेपर्यंत भरत राहायची.

मला वाटलं याबद्दल बोलणी बसणार. चेअरमनसाहेब मात्र खूष झाले. आधी पाहुणे जरा उशिरा आले की टीव्हीवर दाखवायला काही उरत नसे. आता कधीही या, काम चालूच. "दिवसभर चालतं," ते एका शिष्टमंडळाला सांगत होते, "आमचं थांबत नाही." मी ते दारातून ऐकलं आणि खोलीत जाऊन एसीसमोर बसलो.

बैठकीच्या दिवशी मला आत बोलावलं. काय केलं ते सोप्या शब्दांत सांगा, असं म्हणाले. मी कॅश हा शब्द टाळला, कारण संचालकांपुढे तो उच्चारला की भलतीच चर्चा सुरू होते. खुर्च्यांचं उदाहरण दिलं: शेवटी येणारा पुढे बसतो आणि आधीपासून बसलेल्याला उठावं लागतं. उदाहरण कुणाला आवडलेलं दिसलं नाही. एक संचालक त्याच बैठकीला उशिरा येऊन पुढच्या खुर्चीत बसले होते. ते म्हणाले, "म्हणजे चूक कुणाची?"

सगळ्यांची नजर एकदा भिंतीकडे गेली, जिथे त्या फोटोची आणखी एक प्रत लावलेली आहे, आणि परत आली.

"चूक कुणाचीच नाही," चेअरमनसाहेब म्हणाले. "काटा क्लार्कला आपण वेळेवर समज दिली, त्यांनी कामात सुधारणा केली, रांग संपली. बदली रद्द. पुढचा विषय."

तसाच ठराव झाला. क्लार्कच्या सुधारणेबद्दल समाधान आणि चेअरमनसाहेबांच्या मार्गदर्शनाबद्दल अभिनंदन.

भाऊसाहेब बाहेर व्हरांड्यात उभे होते. मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा आधी सैल पडला आणि मग लाल झाला.

"सुधारलो? म्हणजे आधी बिघडलो होतो का?"

"तसं त्यांना वाटतं."

"तुम्ही आत होतात. तुम्ही सांगायला पाहिजे होतं. आत जा आणि ते 'सुधारणा' काढायला लावा."

"काढतील ते," मी म्हणालो. "पण मग तिथे दुसरं कारण लिहावं लागेल. पाहुण्यांनी फोटोकडे लक्ष देऊन भलतंच बटण दाबलं, असं."

ते विचारात पडले. व्हरांड्यातून कॉलनीतली त्यांची खोली दिसते. दारात त्यांच्या बायकोने अंगणवाडीच्या सतरंज्या वाळत घातल्या होत्या.

"खोली राहिली ना?"

"राहिली."

"मग असू दे. सुधारलो तर सुधारलो." दोन पायऱ्या उतरून ते थांबले. "पण तुम्हाला माहिती आहे."

"मला माहिती आहे."

त्यानंतर काही दिवसांनी मी दुपारी काट्यावर गेलो होतो. यंत्र तयार होतं, चक्र फिरत नव्हतं, दालनात हिरवी पट्टी आपल्या गतीने चालली होती. पाथर्डीची गाडी काट्यावर उभी. भाऊसाहेबांनी खिशातून पिवळं फडकं काढलं, चष्मा उतरवला, दोन्ही काचा पुसल्या, उजेडाकडे धरल्या, एक पुन्हा पुसली. मागे एका ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न दिला. बाई गाडीला टेकून उभी होती. ती त्याच्याकडे वळून म्हणाली, "का बोंबलतोय रं? आता जेवढा येळ लागतोय तेवढा भाऊसाहेबांचा सोताचा हाय. पुसू दी."

भाऊसाहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि खिडकीतून तिच्याकडे पाहिलं.

"हं, कोड?"